वृद्ध कर्करुग्णांचे एकूण आरोग्य संशोधनात कसे मोजावे : नागपूर-विदर्भातील नव्या संशोधकांसाठी मार्गदर्शन

कर्करोगावरील पदव्युत्तर प्रबंधांचे प्रस्ताव वाचताना 'समावेशाचे निकष' या शीर्षकाखाली 'वय १८ ते ६५ वर्षे' ही ओळ मला वारंवार भेटते. ती का लिहिली, असे विचारले तर बहुतेकांना उत्तर देता येत नाही, कारण ती आधीच्या प्रबंधातून उतरून घेतलेली असते. मात्र नागपुरातल्या कोणत्याही कर्करोग बाह्यरुग्ण विभागात सकाळी नऊ वाजता उभे राहिले, तर गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर आणि पलीकडच्या बालाघाट-शिवनीहून रात्रीच्या गाडीने आलेली साठी-सत्तरीची माणसे रांगेत मोठ्या संख्येने दिसतात. ज्यांच्यावर उपचार करायचे आहेत त्यांनाच अभ्यासातून वगळले, तर त्या अभ्यासाचे निष्कर्ष त्यांच्या उपयोगाचे ठरत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२२ मध्ये वृद्धांना कर्करोगाच्या चाचण्यांत सामावून घेण्याविषयी मार्गदर्शिका काढली, तीही याच त्रुटीमुळे. म्हणून प्रस्तावातली वरची वयोमर्यादा आधी काढून टाकावी आणि तिच्या जागी माणसाची प्रकृती मोजण्याची पद्धत लिहावी. ती पद्धत आपल्या भागात कशी राबवावी, हे या लेखात सांगितले आहे.

प्रकृती मोजण्यासाठी ईसीओजी श्रेणी (० म्हणजे पूर्ण कार्यक्षम; आकडा वाढेल तशी हालचाल कमी) आहेच, असे काही जण म्हणतील. कार्नोफ्स्की मोजपट्टी १९४९ची आणि ईसीओजीची श्रेणी १९८२ची. दोन्ही उपयोगी आहेत आणि दोन्ही नोंदवाव्यात. परंतु त्या डॉक्टरांच्या नजरेतून दिसणाऱ्या हालचालीवर बेतलेल्या आहेत. ७४ वर्षांचे दोघे जण ईसीओजी १ असू शकतात, आणि त्यांपैकी एक जण सायकलने शेतावर जात असेल, तर दुसरा गेल्या दोन महिन्यांत तीनदा पडलेला, रोज नऊ गोळ्या घेणारा आणि पत्नीच्या निधनानंतर जेवणच कमी केलेला असेल. केमोथेरपीचा परिणाम या दोघांवर सारखा होणार नाही. हा फरक पकडण्यासाठी वृद्धवैद्यकातून आलेले सर्वांगीण मूल्यमापन वापरतात. त्यात दैनंदिन कामे, चालणे व पडणे, सहव्याधी (कर्करोगासोबतचे इतर आजार), औषधे, पोषण, स्मरणशक्ती व आकलन, मनःस्थिती आणि घरचा आधार अशी अंगे स्वतंत्रपणे मोजली जातात.

ही मेहनत उपयोगाची आहे काय, या शंकेला आता चांगले उत्तर आहे. अमेरिकेत सत्तरीपुढच्या ७१८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गॅप-७०प्लस या अभ्यासात, ज्या डॉक्टरांना मूल्यमापनाचे निष्कर्ष आणि त्यांवरील सूचना देण्यात आल्या, त्यांच्या रुग्णांपैकी ५१ टक्क्यांना गंभीर विषाक्त परिणाम (उपचारांचे दुष्परिणाम) झाले. ज्यांना त्या दिल्या नाहीत, त्यांच्या रुग्णांत हे प्रमाण ७१ टक्के होते. त्याच वर्षीच्या ६१३ रुग्णांच्या गेन अभ्यासातही हे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात वृद्ध कर्करुग्णांसाठी स्वतंत्र चिकित्सालय २०१८ मध्ये सुरू झाले आहे. विदर्भात काम करणाऱ्याने मूल्यमापनाची ही साधने जशीच्या तशी उचलू नयेत, आणि आपल्याला जुळत नाहीत म्हणून सोडूनही देऊ नयेत.

सुरुवात वयापासून

मूल्यमापन कशासाठी करायचे, हे सर्वप्रथम एका वाक्यात लिहून काढावे: सहभागींचे वर्णन करण्यासाठी, गट पाडण्यासाठी, विषाक्ततेचा अंदाज बांधण्यासाठी, की उपचारानंतर माणूस स्वावलंबी राहिला का हे पाहण्यासाठी. हे वाक्य लिहिल्याशिवाय साधने निवडली की प्रश्नावली चाळीस पानांची होते आणि तिची निम्मी पाने कोरी राहतात.

त्यानंतर वयाची खालची सीमा ठरवावी. पाश्चात्त्य अभ्यासांत ती ६५ किंवा ७० असते. आपल्याकडे २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने ६० वर्षे धरली आहेत. माझ्या मते ६० पासून माहिती घ्यावी आणि ६० ते ६९ व ७०च्या पुढे असे दोन गट वेगळे मांडावेत, म्हणजे देशी-विदेशी दोन्ही आकड्यांशी तुलना करता येते.

वय मात्र आधारकार्डावरून डोळे मिटून उतरवू नये. अनेकांच्या कार्डावर १ जानेवारी ही जन्मतारीख असते आणि ती अंदाजाने टाकलेली असते. अशा वेळी घटनांचा आधार घ्यावा. नागपूर परिसरात १४ ऑक्टोबर १९५६चा धम्मदीक्षेचा सोहळा ही वयाची सर्वांत भक्कम खूण आहे, कारण 'दीक्षेच्या वक्ताले मी मायच्या कडेवर होतो' असे सांगणारी माणसे आजही भेटतात. नागपूर राजधानी होते तो काळ, १ मे १९६०ला झालेले महाराष्ट्र राज्य, १९७२चा दुष्काळ, थोरल्या मुलाचा जन्म आणि तेव्हाचे अंदाजे वय यांतल्या दोन खुणा जुळल्या, की वय नोंदवावे आणि ते 'कागदावरून' की 'घटनेवरून' हेही वेगळ्या रकान्यात लिहावे.

चाळणी आणि तिचा धोका

प्रत्येकाचे संपूर्ण मूल्यमापन करायला पाऊण तास लागतो, म्हणून आधी चाळणी लावण्याची पद्धत आहे. सर्वांत जास्त वापरली जाणारी चाळणी म्हणजे जी-८ प्रश्नावली. तिच्यात आठ प्रश्न आणि १७ गुण असतात. १४ किंवा कमी गुण मिळाले तर पूर्ण मूल्यमापन करावे, असा संकेत आहे. खाण्यातली घट, तीन महिन्यांतले वजन, हालचाल, स्मृती व मनःस्थिती, बीएमआय, रोजची औषधे, समवयस्कांच्या तुलनेत स्वतःला वाटणारी प्रकृती आणि वय हे तिचे आठ मुद्दे आहेत.

इथे विदर्भाचा विचार करावाच लागतो. खर्रा आणि तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण खूप आहेत. ज्याचे तोंड दोन बोटेसुद्धा उघडत नाही, त्याचे खाणे आणि वजन गाठीमुळेच घटलेले असते. तो एरवी काटक असला तरी जी-८मध्ये नापास होतो. त्यामुळे तोंड व घशाच्या रुग्णांवरील अभ्यासात ही चाळणी जवळजवळ सर्वांनाच पुढे पाठवते आणि तिचा चाळणी म्हणून उपयोग उरत नाही. अशा अभ्यासात ती वगळून सर्वांचे पूर्ण मूल्यमापन करावे, आणि तोंड किती मिलिमीटर उघडते याचीही नोंद ठेवावी.

दैनंदिन कामे : सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा

काट्झ यांची १९६३ची मोजपट्टी स्नान, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठणे-बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे ही सहा मूलभूत कामे तपासते. तिचा अर्थ सगळीकडे जवळपास सारखाच लागतो. तरीही 'मलमूत्रविसर्जनावर आपले नियंत्रण आहे काय' असे छापील वाक्य वाचून दाखवले, तर गडचिरोलीकडच्या आजी मान हलवतात आणि ती मान 'हो' म्हणूनच लिहिली जाते. 'आजी, संडासले एकट्या जाऊन येता काय? कधी कपड्यात होऊन जाते काय?' असे विचारावे, तेही घरच्या पुरुषांना थोडा वेळ बाहेर थांबायला सांगून. बसायचे शौचालय आहे की उकिडवे, घरात आहे की अंगणापलीकडे, हेही विचारावे. गुडघ्यांमुळे तिथे जाता येत नसेल तर ती घरातल्या सोयीची अडचण आहे, आणि ती उपचारापूर्वी सोडवता येते.

खरी कसोटी पुढच्या पायरीवर लागते. लॉटन यांनी १९६९ मध्ये फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे आणि पैशांचे व्यवहार अशी आठ साधनाधारित कामे मांडली, आणि पुरुषांसाठी त्यांतली स्वयंपाक, घरकाम व कपडे धुणे ही तीन वगळून पाचच मोजली. त्या काळच्या अमेरिकी घरातही हा प्रश्न होता, हे यावरून दिसते. आपल्याकडे तो दुहेरी आहे. आयुष्यात चहासुद्धा न केलेल्या आजोबांना स्वयंपाकात शून्य देणे जितके चुकीचे, तितकेच बँकेचे पासबुक कधीही हातात न धरलेल्या आजींना पैशांच्या व्यवहारात शून्य देणे चुकीचे आहे. ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्याच वर्षी एका धान उत्पादक आजींची नोंद मी 'बहुतांशी परावलंबी' अशी केली आणि त्या आजी रोवणीच्या दिवसांत वीस बायांच्या मजुरीचा हिशेब तोंडी ठेवत होत्या, हे मला त्यांच्या सुनेकडून नंतर कळले. तोवर ती नोंद विश्लेषणात गेलेली होती. ती दुरुस्त करण्यासाठी मला त्या वर्षीचे सगळे अर्ज पुन्हा उघडावे लागले.

तेव्हापासून मी प्रत्येक कामाबद्दल तीन प्रश्न ठेवले आहेत. हे काम आधी करत होता काय? आता करता काय? सुटले असेल तर शरीरामुळे सुटले, डोक्यात राहत नाही म्हणून सुटले, की घरच्यांनी हातातून काढून घेतले? 'कधीच केले नाही' या उत्तराला स्वतंत्र संकेतांक द्यावा आणि गुणांची बेरीज लागू असलेल्या कामांच्या प्रमाणात काढावी. मूळ प्रश्न मात्र बदलू नये, नाहीतर इतर अभ्यासांशी तुलनाच उरत नाही. मूळ प्रश्नाखाली स्थानिक उदाहरण जोडावे. खरेदीसाठी आठवडी बाजार, प्रवासासाठी एसटी किंवा ई-रिक्षा, पैशांसाठी रेशनचे धान्य, निराधार योजनेचे पैसे किंवा किराणा दुकानातली उधारी अशी उदाहरणे चालतात. घरच्यांनी प्रेमापोटी काढून घेतलेले काम आणि जमत नाही म्हणून सुटलेले काम यांत फरक केला नाही, तर सर्वांत जास्त काळजी घेणाऱ्या घरातली माणसेच आपल्या तक्त्यात सर्वांत दुबळी दिसतात.

अंतराच्या प्रश्नांतही अशीच अडचण येते. केमोथेरपीच्या विषाक्ततेचा अंदाज बांधणाऱ्या कार्ग या गुणांकनात अकरा बाबी आहेत आणि त्यांत 'एक ब्लॉक चालता येते का' असा प्रश्न आहे. अमेरिकी शहरातला ब्लॉक इथे कुणालाच कळत नाही. आपल्या अभ्यासात त्याचे एक ठरावीक अंतर, समजा १०० मीटर, निश्चित करावे, ते प्रस्तावात लिहावे आणि प्रत्येक प्रश्नकर्त्याने तेच वापरावे.

चालणे आणि ताकद

'उठा आणि चाला' ही १९९१ची चाचणी सोपी आहे: हात असलेल्या सुमारे ४५ सेंटिमीटर उंच खुर्चीवरून उठायचे, ३ मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे, एवढ्याचे सेकंद मोजायचे. चालण्याच्या वेगासाठी ४ मीटर पुरतात. आशियाई सार्कोपेनिया (वयानुसार होणारी स्नायूंची झीज) कार्यगटाच्या २०१९च्या निकषांनुसार सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी वेग, तसेच मुठीची पकड पुरुषांत २८ आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असेल तर ती घट मानतात. युरोपीय मर्यादा वेगळ्या आहेत, म्हणून कोणत्या मर्यादा वापरणार हे माहिती गोळा करण्यापूर्वीच ठरवावे.

जागा मोजून फरशीवर रंगीत पट्टी लावून ठेवावी. पायात रोजच्या वापराची चप्पल असावी, काठी वापरत असतील तर काठी घेऊनच चालू द्यावे, आणि तशी नोंद करावी. रक्ततपासणीसाठी उपाशी आलेल्या माणसाला कधीही चालवू नये. आधी चहा-पोळी होऊ द्यावी. नागपूरच्या मे महिन्यात, त्यातही नवतपात, दुपारी घेतलेली चाचणी आणि जानेवारीत सकाळी घेतलेली चाचणी यांची तुलना करणे अन्यायाचे आहे. चाचण्या सकाळीच घ्याव्यात आणि महिना नोंदवावा.

पडण्याविषयी विचारताना 'पडला होता काय' एवढ्यावर थांबू नये. मोरीत पाय घसरला, उठताना चक्कर आली, बसमधून उतरताना हात टेकावा लागला, हे लोक पडण्यात धरत नाहीत. गेल्या सहा महिन्यांतला असा प्रत्येक प्रसंग नाव घेऊन विचारावा.

स्मरणशक्ती, मन आणि संमती

मिनी-कॉग चाचणीत तीन शब्द लक्षात ठेवायचे आणि घड्याळाचे चित्र काढायचे असते. ५ पैकी ३ पेक्षा कमी गुण हे पुढील तपासणीचे लक्षण मानतात. ज्यांनी कधी पेन्सिल धरली नाही, त्यांना घड्याळ काढायला सांगून मिळालेला शून्य हा शिक्षणाचा शून्य असतो. निरक्षरांसाठी १९९५ मध्ये हरियाणातल्या अभ्यासातून तयार झालेली हिंदी मानसिक स्थिती चाचणी हा अधिक न्याय्य मार्ग आहे. मराठी किंवा गोंडी बोलणाऱ्यांसाठी तिचे रूपांतर करायचे झाल्यास दोन स्वतंत्र भाषांतरे, उलट भाषांतर आणि दहा-पंधरा ज्येष्ठांसोबत शब्दांची पडताळणी असा क्रम पाळावा. पुणेरी पुस्तकी मराठीतला अर्ज वऱ्हाडी-झाडीबोलीच्या माणसाला परका वाटतो, हे त्या पडताळणीतच दिसून येते. तारखेऐवजी तिथी किंवा 'पोळा होऊन आठ दिवस झाले' असे उत्तर आले तर ते बरोबर धरायचे की नाही, हे आधीच ठरवून लिहावे. माझ्या मते ते बरोबर धरावे. ऐकू कमी येत असल्यामुळे चुकलेले उत्तर विस्मृतीत मोजले जाऊ नये, म्हणून श्रवणाची साधी तपासणी या चाचणीच्या आधी करावी.

मनःस्थितीसाठी पंधरा प्रश्नांची वृद्ध-नैराश्य मोजपट्टी वापरतात. ५ पेक्षा जास्त गुण आले तर नैराश्याची शक्यता धरून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. हे प्रश्न एकांतातच विचारावेत. मुलगा शेजारी बसलेला असताना कुठलीही आई 'मन रमत नाही' असे सांगत नाही. एखाद्याने जगणे नकोसे झाल्याचे बोलून दाखवले, तर अर्ज बाजूला ठेवावा, त्यांच्याजवळ बसावे आणि त्याच दिवशी तज्ज्ञांची भेट घडवून आणावी. टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही कुटुंबाजवळ असू द्यावा. ही व्यवस्था नसेल तर हे पंधरा प्रश्न अभ्यासात घेऊच नयेत, असे माझे ठाम मत आहे.

संमती घेताना मुलगा भराभर बोलतो आणि आजोबा अंगठा उमटवतात, हे दृश्य फार ओळखीचे आहे. वाचता न येणाऱ्या सहभागीसाठी निष्पक्ष साक्षीदार हवा, असा २०१९च्या औषध व चिकित्सा चाचणी नियमांचा दंडक आहे, आणि तो साक्षीदार संशोधन चमूतला नसावा. माहिती सांगून झाल्यावर 'बाबाजी, आता तुम्ही मला सांगा, आपण काय करणार आहोत?' असे विचारावे आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे लिहून ठेवावे.

औषधे, सहव्याधी, रक्त

पहिल्या भेटीच्या आदल्या दिवशी फोन करून घरातली सगळी औषधे एका पिशवीत आणायला सांगावीत: गोळ्या, मलमे, काढे, गावच्या वैद्याची पुडी, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली वेदनाशामके, सगळे. केवळ तोंडी विचारून केलेली यादी जवळपास नेहमीच अपुरी असते. सहव्याधींसाठी चार्ल्सन यांचा १९८७चा निर्देशांक पुरेसा आहे.

मूत्रपिंडाच्या बाबतीत एक हिशेब प्रत्येक नव्या सहकाऱ्याला मी करायला लावते. ७८ वर्षांच्या, ४० किलो वजनाच्या आजींचे क्रिअॅटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तातली तपासणी) १.० आहे, अहवालावर ते 'सामान्य' म्हणून छापून येते. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने, म्हणजे १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिअॅटिनिन, आणि स्त्रियांसाठी गुणिले ०.८५, असा हिशेब केला तर मिनिटाला सुमारे २९ मिलिलिटर एवढेच शुद्धीकरण निघते. कार्ग गुणांकनात ३४ च्या खालचा आकडा जोखमीचा धरतात. क्रिअॅटिनिनचा रकाना भरून हा हिशेब न केलेला अभ्यास मी अपूर्ण समजते.

घरचा आधार

'घरी कोण असते' या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'सगळे असतात' असे येते. त्याऐवजी रात्री दोन वाजता ताप आला तर कोण उठेल, दवाखान्यात आणायला कोणाची रोजी बुडेल, केमोथेरपीची एक फेरी (सायकल) संपेपर्यंत नागपुरात मुक्काम कुठे असेल, असे विचारावे. सत्तरीपुढच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत सामावून घेतले आहे. कार्ड काढले आहे काय, हे विचारून नसेल तर समाजसेवा अधीक्षकांकडे पाठवावे. शासकीय योजनेतून उपचार मोफत झाले तरी येण्याजाण्याचा आणि सोबत्याच्या बुडालेल्या रोजीचा खर्च उरतोच, आणि त्यामुळे सुटलेली भेट 'रुग्णाने उपचार सोडले' या सदरात जाऊ नये.

नोंदी आणि पाठपुरावा

मूल्यमापन उपचार सुरू होण्यापूर्वी करावे आणि ठरावीक अंतराने, साधारण तीन महिन्यांनी, पुन्हा करावे. जे परत आले नाहीत त्यांची कारणे फोन करून शोधावीत. सगळ्यांत अशक्त माणसेच गळतात, आणि मागे उरलेल्यांच्या सरासरीवरून उपचार सोसले गेले असे दिसू लागते. ज्यांना अभ्यासात घेतले नाही त्यांचेही वय, ईसीओजी आणि वगळण्याचे कारण नोंदवहीत असावे. सर्व अंगांतल्या उणिवा एकत्र करून काढलेल्या निर्देशांकात ०.२ पेक्षा कमी म्हणजे धडधाकट आणि ०.३५ किंवा त्याहून जास्त म्हणजे जर्जर असे गट पाडतात; गट पाडले तरी मूळ आकडे जपून ठेवावेत. विषाक्ततेची नोंद करताना केवळ श्रेणी ३ ते ५ (गंभीर ते प्राणघातक दुष्परिणाम) मोजून थांबू नये, कारण दोन आठवडे टिकलेली श्रेणी २ची हगवण तरुणाला त्रासदायक असते, तर ७६ वर्षांच्या माणसाला अंथरुणाला खिळवते. जीवनमानासाठी ईओआरटीसी या युरोपीय कर्करोग संशोधन संस्थेची क्यूएलक्यू-सी३० प्रश्नावली मराठीत उपलब्ध आहे, ती वापरावी.

मूल्यमापनात जे सापडले ते संगणकातच राहू देऊ नये. दर मूल्यमापनानंतर एका पानाचा मराठी गोषवारा उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या फायलीत त्याच दिवशी लावावा आणि त्याची एक प्रत मोठ्या अक्षरांत छापून, वाचून दाखवून, त्या आजी-आजोबांच्या हाती द्यावी.